कारणाचा रकाना

माझा बाप गल्लीत दिसला की बायका दारं लोटून घ्यायच्या. बाप वाईट नव्हता. पाच कोसांच्या आत उकंडासारखा भरवशाचा माणूस नाही, असं पाटीलसुद्धा म्हणायचे. पण मरणाचा सांगावा नेण्याचं काम त्याच्याकडे होतं. गावात कोणाचं माणूस गेलं की निरोप आमच्या मोहल्ल्यात यायचा, आणि बाप घुंगरांची काठी उचलून लेकीबाळींच्या गावांना निघायचा. ऊन असो, चिखल असो, पूस नदीला पाणी असो. माणूस जाळायच्या आत लेक पोचली पाहिजे, एवढंच त्याला कळायचं.

त्या कामाचे नियम होते. ते बापाने मला वखर धरायला शिकवावं तसे शिकवले. दाराशी जायचं नाही, अंगणाच्या कडेला उभं राहायचं. एरवी दुरून जोहार घालायचा, पण सांगाव्याच्या दिवशी तोही घालायचा नाही, नुसतं गप्प उभं राहायचं. कोणी विचारलं की "मेली" म्हणायचं नाही. म्हणायचं, "जिती हाये, पण बरं नाही. भेटीले बलावलं." त्या घरी बसायचं नाही आणि पाणी मागायचं नाही, जीव गेला तरी. घरचे कडेला पायलीभर ज्वारी ठेवायचे. ती पदरात घेऊन परत फिरायचं.

"पानी काहून मागाचं नाही?" मी एकदा विचारलं होतं.

"आपुन त्याईच्या घरी रडनं घेऊन गेलो," बाप म्हणाला. "थ्या घरचं पानी घशाखाली उतरत नाही, पोरा."

छप्पन सालच्या दसऱ्याला आमच्या मोहल्ल्यातली तीस-बत्तीस माणसं नागपूरला जाऊन आली. कोणी मोटारीने, कोणी रेल्वेने, आणि चौघं तर वर्ध्यापर्यंत पायी. बाप आणि मी त्यांत होतो. परत आल्यावर घरातले देव टोपल्यांत घातले आणि पूस नदीत सोडले. मग लिंबाच्या झाडाखाली सगळे बसलो. घनश्याम मास्तर मोहल्ल्यातले एकटेच सातवी पास. त्यांनी ठराव वाचला. मेलेलं ढोर ओढायचं नाही. मिरवणुकीपुढे डफडं वाजवायचं नाही. मरणाचा सांगावा न्यायचा नाही. जो मोडील त्याच्या पंगतीला कोणी बसणार नाही, त्याच्या घरी सोयरीक होणार नाही.

हात वर करा म्हटल्यावर बापाने दोन्ही हात वर केले. माणसं हसली. बाप म्हणाला, एक चाळीस वर्षांचा आणि एक आजचा.

घरी येऊन त्याने ती काठी अंगणात रोवली आणि तिच्यावर वालाचा वेल चढवला. घुंगरं तशीच ठेवली. चिमण्या भितात म्हणाला. वारा सुटला की ती वाजायची, आणि माझी बायको मथुरा नवी होती तेव्हा तिला वाटायचं, कोणी तरी गेलं.

आज त्या अंगणाची आठवण येते तेव्हा मला आधी तो आवाज ऐकू येतो. सकाळचं ऊन, शेणाचा वास, आणि वेलात अडकलेली घुंगरं. गरिबी भरपूर होती, पण त्या दोन-तीन वर्षांत आम्ही जसे ताठ चालायचो तसे पुढे कधी चाललो नाही.

ठरावाला दोन वर्षं झाली होती. मार्गशीर्षाचा महिना, कापसाची वेचणी भरात. गावातली तुळसाबाई नावाची विधवा म्हातारी आजारी पडली. तिचं शेत नाल्याकाठी होतं. ते तिचा दीर नागोराव पाटील वाहायचा. तिला एकच लेक, प्रभावती. ती फुलसावंगीच्या पलीकडे पिंपळदरीला दिली होती. आमच्या गावापासून पाच कोस.

म्हातारीने जेवण सोडलं होतं. कोणी तरी प्रभावतीला कळवायला पाहिजे होतं. फुलसावंगीचा बाजार चार दिवसांवर होता, तोवर त्या वाटेने जाणारं कोणी नव्हतं. घरच्या माणसाने जायचं तर जित्या माणसाचा निरोप नेणं म्हणजे मरणाला बोलावणं धाडणं, अशी गावाची समजूत. आणि नागोरावच्या मते हे काम आमचं होतं.

तो मोहल्ल्याच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. मास्तरांना म्हणाला, म्हातारी आज नाही तर उद्या जाईल, तेव्हा एक माणूस लागेल, आत्ताच सांगून ठेवतो.

मास्तर शांतपणे म्हणाले, "ठराव झाला हाये, पाटील. तुमच्या पुतन्याजवळ सायकल हाये ना?"

"मोठे झाले बाप्पा तुमी," नागोराव म्हणाला आणि निघून गेला. पुतण्याला काही त्याने पाठवलं नाही. लोक म्हणायचे, त्याला पाहायचं होतं मोहल्ला किती दिवस ताठ राहतो ते.

मास्तरांचं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. एक सांगावा नेला की दुसऱ्या दिवशी ढोर ओढायला बोलावणं आलं असतं. पण इकडे मास्तर, तिकडे नागोराव, आणि मधे खाटेवर ती म्हातारी गाडीच्या चाकांकडे कान लावून पडलेली.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. तुळसाबाईने मला कधी मायेने भाकर दिली किंवा माझ्या आईला लुगडं दिलं, असं काही नव्हतं. लहानपणी तिच्या विहिरीजवळून गेलो म्हणून तिने मला दगड मारला होता. तो लागला नाही, कारण तिचा नेम बरा नव्हता. तेव्हा उपकार फेडायला गेलो, असं कोणी समजू नये.

त्या दिवशी सकाळी मथुरा वेचणीला जायची ओटी कमरेला बांधत होती. ती त्याच नाल्याकाठच्या शेतात वेचायला जायची आणि वाटेत म्हातारीच्या अंगणातून तिचं जाणं असे. ती म्हणाली, "म्हातारी गाडी वाजली की 'प्रभा आली का' म्हनते. काल दाराशी खाट टाकली होती तं माह्याच हात धरला. म्हने, आली माय तू?"

"मंग तू काय म्हनली?"

"हो म्हनलं. आली म्हनलं."

पंचशील घेतलेली माझी बायको सरळ खोटं बोलली होती, आणि तिला त्याचं काहीच वाटलेलं दिसत नव्हतं. ओटीची गाठ पक्की झाली का एवढंच ती पाहत होती.

मीही विळा घेऊन निघालो. मला नागोरावच्या नव्हे, दुसऱ्या एका शेताच्या धुऱ्यावरचं गवत कापायचं होतं. बाप अंगणात उन्हाला बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"इळा ठेवून जा," तो म्हणाला. "लंब्या वाटेनं जड होते."

मी विळा ठेवला. का ठेवला ते मला विचारू नका. मी कुठे चाललो हे मला कळायच्या आत बापाला माझ्या चालीवरून कळलं होतं. चाळीस वर्षं त्याने तीच चाल चालली होती.

गावाबाहेर पांदण फुटते. डावीकडे शेतं, उजवीकडे फुलसावंगीचा रस्ता. मी तिथे थांबलो आणि विचार केला, असं म्हणालो तर ते खोटं होईल. मी भानावर आलो तेव्हा नाला ओलांडला होता आणि धोतराचा काठ ओला होता. मग कारणं येऊ लागली. म्हातारी जिवंत आहे, तेव्हा हा मरणाचा सांगावा नव्हेच. माझ्याजवळ काठी नाही. मी ज्वारी घेणार नाही. मला कोणी हुकूम केलेला नाही. शेजाऱ्याच्या नात्याने कोणीही जाऊ शकतो. घरून निघताना यांतलं एकही जवळ नव्हतं. फुलसावंगीच्या पहिल्या घरांशी आलो तोवर पाचही कारणं तयार होती, आणि मला वाटू लागलं होतं की मी त्यांच्यामुळेच निघालो.

आणखीही एक विचार येत होता, तो मी बाजूला सारत होतो. फाल्गुनात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. मी ठराव मोडला असं मोहल्ल्याने म्हटलं तर ते लग्न होणार नव्हतं.

पिंपळदरीला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. प्रभावतीच्या सासऱ्याचं, पंजाबरावांचं घर चौकात होतं. ती अंगण सारवत होती. हात कोपरापर्यंत शेणात. पंजाबराव ओट्यावर सुतळी वळत बसले होते.

अंगणाच्या कडेला आलो आणि तिथेच माझी चूक झाली. जोहार तोंडावर आला होता, तो मी गिळला. आता आम्ही जोहार घालत नव्हतो. त्याच्या जागी जयभीम म्हणायचं, पण अनोळखी गावात, पाटलाच्या अंगणात, एकटा असताना ते म्हणायची छाती झाली नाही. म्हणून काहीच बोललो नाही. गप्प उभा राहिलो.

प्रभावतीने मान वर केली. माहेरच्या उकंडाचा मुलगा, भर दुपारी, अंगणाच्या कडेला, जोहार न घालता उभा. तिने शेणाचे हात कपाळावर मारले आणि अशी किंचाळली की चौकातली कुत्री उठून पळाली.

मी घाईने म्हणालो, "प्रभाबाई, माय जिती हाये."

तिचं रडणं दुप्पट झालं. कारण बाप हेच म्हणायचा. प्रत्येक दारात, चाळीस वर्षं, हेच.

बायका जमल्या. सासूने तिला धरलं. पंजाबराव सुतळी खाली ठेवून उठले आणि मला सौम्य आवाजात म्हणाले की समजलं बाबा, तू तुझं काम केलं. मग घरातल्यांना सांगू लागले की शेतातून माणसं बोलवा, भाऊबंदांना कळवा, संध्याकाळपर्यंत दोन गाड्या जुंपू. पायलीभर ज्वारीही आणायला सांगितली. मरणाला जायचं तर सगळं असंच व्हायचं असतं, दमाने, चारचौघांना घेऊन. मेलेल्या माणसाला घाई नसते.

मी म्हणालो, "पाटील, खरंच जिती हाये. काल बोलत होती."

"व्हय बाबा, व्हय," ते म्हणाले. आवाज आणखी मऊ झाला. लहान मुलाला समजवावं तसा.

जे सांगायला पाच कोस आलो ते शब्दच कामाचे उरले नव्हते. माझ्या बापाने आणि त्याच्या बापाने ते वापरून वापरून मारून टाकले होते. संध्याकाळी गाड्या निघाल्या असत्या, रात्री गावात पोचल्या असत्या, आणि म्हातारी तोवर राहिली असती की नाही, कोण सांगणार.

कोणी तरी ज्वारीने भरलेलं सूप आणून माझ्यापुढे जमिनीवर ठेवलं. मी ते पायाने बाजूला सरकवलं. मग चार पावलं पुढे गेलो आणि पंजाबरावांच्या ओट्याच्या पायरीवर बसलो.

"प्रभाबाई," मी म्हणालो, "मले पानी दे."

बायका दोन पावलं मागे सरल्या. महार माणूस पाटलाच्या पायरीवर बसला, हे तर होतंच. पण प्रभावतीचं रडणं ज्यामुळे थांबलं ते वेगळं होतं. ती माझ्याकडे टक लावून पाहत होती. तिच्या कपाळावरचं शेण नाकावर ओघळत होतं.

"उकंडाजी कधी पानी नाही मागत," ती हळूच म्हणाली.

"नाही मागत."

"बसत नाही."

"नाही बसत. मी बसलो ना."

ती उठली. पळत आत गेली. पाण्याचा पितळी गडवा घेऊन आली. आमच्या लोकांना पाणी द्यायचं तर वरून ओंजळीत ओतायचे. मी ओंजळ पुढे केली होती. तिने गडवाच माझ्या हातात ठेवला. त्याला तिच्या बोटांचं शेण लागलं होतं.

"अवं, काय करून राह्यली तू?" सासू म्हणाली.

"माही माय जिती हाये," प्रभावती म्हणाली. तिच्या आवाजात रडणं नव्हतं. ती पंजाबरावांकडे वळली. "मामाजी, दमणी जुंपा. मी एकटी जातो, नाही तं पायी निघतो."

पंजाबरावांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा गडव्याकडे. मग स्वतःच गोठ्याकडे गेले. दमणी म्हणजे हलकी बैलगाडी, चांगले बैल असले तर घोड्यासारखी पळते. मी पाणी संपवत होतो तेवढ्यात ती अंगणातून बाहेर पडली. प्रभावतीने हातसुद्धा धुतले नव्हते.

मी ते पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो. इतकं गार, गोड पाणी मला पुढे कुठे मिळालं नाही. मी निघालो तेव्हा मागे सासूने तो गडवा चुलीतल्या विस्तवात टाकला, शुद्ध करायला. तेही मी पाहिलं.

परत पायीच आलो. गावाशी आलो तोवर दिवस बुडत होता. वालाच्या वेलाशी बाप उभा होता. "पोचली," एवढंच म्हणाला. दुसरं काही विचारलं नाही.

म्हातारीच्या घरी काय झालं ते मथुराने त्याच रात्री सांगितलं. दमणी आली तेव्हा ती वेचलेला कापूस टाकायला तिथल्या अंगणात आली होती. प्रभावती धावत आत गेली आणि आईच्या गळ्यात पडली. म्हातारीने तिला नीट पाहून घेतलं आणि म्हणाली, "काल तं आली होती ना तू? आज पुन्हा काहून आली?" प्रभावतीला काही कळेना. मग मथुराने खालमानेने कालचं सांगितलं. प्रभावती हसत हसत रडू लागली. म्हणजे माझ्या पाच कोसांच्या आधीच मथुराच्या एका शब्दाने म्हातारीचं काम केलं होतं. मी गेलो ते फक्त लेकीसाठी, असं म्हणावं लागेल.

तुळसाबाई आणखी तीन दिवस जगली. लेकीच्या हातून दोनदा पेज प्याली. गेली तेव्हा नागोरावचा पुतण्या बाकीच्या सोयऱ्यांकडे सायकलवर सांगावा घेऊन निघाला. त्या गावातून सायकलवर गेलेला तो पहिला सांगावा.

पुढच्या पौर्णिमेला दिवस मावळायच्या आधी लिंबाखाली मोहल्ला जमला. मला उभं केलं. एक जण म्हणाला, आज पाटलाच्या भावजयीसाठी गेला, उद्या त्याच्या म्हशीसाठी जाईल. बरेच जण हसले. बहीण बायकांत बसली होती. तिची मान खाली होती.

मास्तरांसमोर वही होती. तिच्यात त्यांनी रेघा मारून रकाने केले होते: तारीख, नाव, बाब, कारण. ते न्यायाने वागणारे होते, ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं, "डोमाजी, जायचं कवा ठरवलं?"

मी खूप विचार केला. पाच कारणं तोंडपाठ होती. पण ती नाल्यानंतरची होती. "सांगता येत नाही, गुरुजी," मी म्हणालो. "ठरवलं तवा मी अर्ध्या वाटेत होतो."

पुन्हा हसले. तेव्हा बाप उठला. म्हातारा झाला होता, उठायला वेळ लागला.

"काठी नेलती का?"

"नाही बा."

"दाने घेतले?"

"नाही."

"पानी पेला?"

"पेलो."

"उभ्यानं का बसून?"

"बसून. पायरीवर. गडव्यानं."

बाप लोकांकडे वळला. "चाळीस वर्स मी उभा राह्यलो," तो म्हणाला. "शंभर दारं असतीन. कोनाच्या पायरीले माहं बूड लागलं नाही. हे बसून पानी पिऊन आलं. सांगावा नेनारे असे बसत नाहीत. मले इचारा, मी नेले हायेत."

आणि तो खाली बसला. मग मास्तरांनी वहीत काही लिहिलं आणि सांगितलं की ठराव मोडलेला नाही. फाल्गुनात बहिणीचं लग्न झालं, पंगतीला सगळा मोहल्ला होता. टोमणा मारणारा तर वाढायला होता, आणि मला दोनदा भात वाढला.

पुढे लोकांनी ती गोष्ट आपापल्या परीने सांगितली. डोमाजी लय हुशार, त्याने पाणी मागून म्हातारी जिती आहे हे पटवलं, असं म्हणायचे. मीही मान डोलवायचो. काही वर्षांनी मला स्वतःला तेच खरं वाटू लागलं. अलीकडे पेपरात वाचलं की शास्त्रज्ञ लोकांना यंत्रात निजवतात, अवघड प्रश्न विचारतात, आणि माणूस काय करावं ते आधी ठरवून मोकळा होतो, कारण मागाहून शोधतो, असं त्यांना दिसतं. मी चष्मा काढून ठेवला. मला उन्हात बसलेला बाप आठवला, आणि विळा.

अक्षर मी पंचेचाळिसाव्या वर्षी शिकलो, रात्रीच्या प्रौढांच्या कंदिलाच्या वर्गात. वाचता येऊ लागल्यावर विहाराच्या पेटीतली ती वही काढली. मास्तर तेव्हा नव्हते. बोट ठेवून ठेवून वाचलं. नाव: डोमाजी उकंडा. बाब: पिंपळदरीस जाऊन, बसून पाणी पिऊन आला. मास्तरांचं अक्षर मोत्यासारखं होतं. कारणाच्या रकान्यात त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं. जागा सोडून ठेवली होती.

मी त्या कोऱ्या जागेवर बोट टेकवलं. पाचही कारणं आठवून पाहिली. म्हातारीचं, लेकीचं, मोहल्ल्याच्या मानाचंही आठवून पाहिलं. मग त्या दुपारचं ऊन आठवलं, पाच कोस चाललेले पाय, कोरडी पडलेली जीभ. पेन्सिल ओली केली आणि वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं:

तहान लागली होती.